चावडीच्या भिंतीतली शिळा: सोलापूर जिल्ह्यात महायुद्धांची आठवण कुठे उरली आहे?

माढेकर (धागाकर्ता)

पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने गावोगावी संगमरवरी शिळा बसवल्या. ज्या गावातून माणसं पलटणीत गेली, तिथे चावडीच्या, वेशीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत एक पांढरी पाटी. मजकूर ठरलेला: या गावातून अमुक माणसं १९१४-१९१९ च्या महायुद्धावर गेली, त्यांपैकी अमुक जणांनी प्राण दिले. नाव एकाचंही नाही. नुसते दोन आकडे.

आता जुन्या चावड्या पाडून ग्रामपंचायतींच्या नव्या इमारती होताहेत. पाडकामात शिळा राडारोड्यात जाते, किंवा कुणीतरी चांगल्या भावनेने तिला ऑइलपेंट फासतं. दोन्हीकडून ती संपतेच. म्हणून दोन प्रश्न. भिंत पाडायचं ठरलंच असेल तर शिळा सुखरूप काढायची कशी? आणि त्या आकड्यांमागची नावं आज शोधता येतात का?

शिवाय आपल्या भागात दोन्ही महायुद्धांचं जे काही उरलंय, वस्तू असो, शब्द असो, कागद असो, तेही इथे जमा करू या.

भुईकोट

सोलापुरात महायुद्धाची आठवण म्हटली की पहिलं नाव डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. १९३८ मध्ये काँग्रेसने जपानशी लढणाऱ्या चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं: अटल, चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. बाकीचे चौघे परत आले. कोटणीस चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर राहिले, बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, तिथल्याच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं. मुलाचं नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्याने गेले, वय ३२. भैया चौकातलं त्यांचं घर आता स्मारक आहे आणि चिनी पाहुणे मुद्दाम ते बघायला सोलापूरला येतात.

हुरडापार्टी

आणि व्ही. शांतारामांचा १९४६ चा चित्रपट. स्वतः शांतारामच कोटणीस झाले होते. बाहेरगावच्या लोकांना कोटणीस माहीत झाले ते बहुतेक पडद्यावरूनच.

मोडीवाचक

भुईकोट, एक जोड देतो. चीनमध्ये त्यांना के दिहुआ म्हणतात. पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी 'हुआ' जोडलं होतं. शिजियाझुआंगच्या हुतात्मा उद्यानात त्यांची समाधी आणि पुतळा आहे.

फरक बघा. परक्या देशाने एका सोलापूरकराचं नाव आपल्या लिपीत, आपल्या उच्चारात बसवून जपलं. आणि इराकमधल्या बसऱ्याच्या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, पण साध्या हिंदी शिपायांचे पलटणवार फक्त आकडे. युद्धातल्या मृतांच्या समाध्या आणि स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (CWGC) २०२१ च्या अहवालाने हा भेदभाव उघड मान्य केला. माढेकरांच्या शिळेवरचे दोन आकडे आणि बसऱ्याचे आकडे, दोन्हींमागे एकच सवय आहे.

पाथरवट

शिळा काढण्याबद्दल. हे वाचून मगच हातोडा उचला.

आधी वजनाचा अंदाज घ्या. ६० सेंमी लांब, ४५ सेंमी उंच आणि अडीच सेंमी जाड संगमरवर साधारण १८ किलो भरतो. दोन माणसांचं काम आहे, पण चारजण हाताशी असू द्या. शिळेवर भिंतीचा भार नसतो, ती नुसती खोबणीत बसवलेली असते. त्यामुळे शिळा ओढून काढू नका, तिच्या भोवतीची भिंत उतरवा. वरून एकेक थर काढत शिळेच्या वरच्या कडेपर्यंत या. त्याआधी खालच्या कडेला लाकडी फळी लावून खालून टेकू द्या, समोरून फोम किंवा जाड गोधडी बांधा.

जुन्या चुन्याचा सांधा मऊ असतो. हॅक्सॉचं पातं दोन्ही टोकांना कापड गुंडाळून आत घाला आणि मागेपुढे चालवा, कडा मोकळ्या होतात. ग्राइंडर आणि ड्रिल अजिबात नको. कंपनाने संगमरवराची आधीचीच बारीक चीर आरपार जाते. पातं मध्येच कडक काहीतरी खाऊ लागलं तर थांबा. तिथे लोखंडी आकडा असणार. तो शिळेकडून उपसायचा नाही, भिंतीकडून दगड काढून मोकळा करायचा. बहुतेक शिळांचे कोपरे या आकड्यांमुळेच फुटलेले असतात: लोखंड गंजलं की फुगतं आणि दगड आतून उकलतो.

शिळा सुटली की उभी धरा आणि उभीच न्या. आडवी केलीत तर स्वतःच्या वजनानेच मधोमध मोडू शकते. टेम्पोतही उभी, खाली दोन लाकडी पट्ट्या. ओल्या गोणपाटात गुंडाळू नका, तपकिरी डाग आत मुरतो. वर्तमानपत्रातही नको, शाई उतरते. मागे खूण करायची तर पेन्सिलने. मार्कर कालांतराने पुढे उमटतो.

सांगोल्याची_सूर्यफुलं

पाथरवटदादा, आधीच ऑइलपेंट आणि चुन्याचे थर बसलेत त्यांचं काय? एका ठिकाणी संडास धुवायच्या ॲसिडने साफ करा असा सल्ला ऐकला.

पाथरवट

ताई, तो सल्ला देणाऱ्याला दुरूनच नमस्कार करा. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ॲसिड पडलं की फसफसतं, वरचा थर विरघळतो, अक्षरांच्या कडा गोल होतात. शिळा पांढरीशुभ्र दिसते आणि वाचता येत नाही.

चुना असेल तर साध्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटं भिजवा, बांबूच्या चपट्या कामटीने हलके पापुद्रे काढा. तारेचा ब्रश नको, मऊ ब्रश घ्या. धुण्याचा सोडा नको; तो दगडाच्या छिद्रांत जातो, वाळताना त्याचे खडे होतात आणि पृष्ठभाग पावडरीसारखा सुटतो. ऑइलपेंटला घरी हात लावू नका, ते जाणकार संवर्धकाचं काम.

एक गोष्ट आधी तपासा. काही शिळांत अक्षरं कोरून त्यात शिसं ठोकलेलं असतं. नखाने हलकं दाबलं तर मऊ लागतं, रंग राखाडी. तशी असतील तर कामटीसुद्धा अक्षरावरून फिरवायची नाही, शिसं उचकटून येतं.

उजळणी

वाचता येत नसेल तर घासू नका, उजेड बदला. संध्याकाळी अंधार पडल्यावर टॉर्च शिळेच्या अगदी कडेला, जवळजवळ समांतर धरा. समोरून उजेड पडला की सगळं सपाट दिसतं. कडेने आला की प्रत्येक खाचेत सावली भरते. डावीकडून, उजवीकडून, वरून आणि खालून असे चार फोटो घ्या, मोबाइल स्टँडवर, फ्लॅश बंद. बाजूला पट्टी ठेवा म्हणजे माप कळतं. अक्षरांत पीठ किंवा खडू चोळायची पद्धत सोडून द्या. पिठाला बुरशी लागते आणि खडूची भुकटी छिद्रांत अडकून बसते.

रोखठोक

एवढा जीव कशासाठी? ही माणसं इंग्रजांच्या पगारावर इंग्रजांची लढाई लढली. सोलापूरने १९३० मध्ये मार्शल लॉ सोसला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिलं. आपलं स्मारक म्हणजे चार हुतात्मा चौक. साम्राज्याच्या पाट्या आपण का पुसत बसायच्या?

भीमातीर

रोखठोक, चार हुतात्म्यांबद्दल दुमत नाही. पण ती शिळा साम्राज्याची असली तरी आकडा आपल्या गावाचा आहे. शिपायाचा पगार तेव्हा महिना ११ रुपये. दुष्काळी पट्ट्यात दर महिन्याला रोख पैसा घरी येणं ही केवढी गोष्ट होती. १९१७-१८ मध्ये भरतीचा रेटा वाढला तेव्हा गावकामगारांवरही माणसं देण्याचा दबाव होता. आणि गेले ते कुठे, तर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तिथे कूतला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा. घोड्याचं मांस खायला बहुतेक हिंदी शिपायांनी महिनोन् महिने नकार दिला आणि उपासमारीत स्कर्व्हीने खंगले. शरण गेल्यावर वाळवंटातून चालवत नेलं. कित्येक रास अल-ऐनला रेल्वेच्या कामावर संपले.

हे साम्राज्याचं गुणगान नाही. आपल्या माणसांचं काय झालं त्याची नोंद आहे.

रोखठोक

कूतचं हे माहीत नव्हतं. शिळा ठेवा, पण तिच्याशेजारी हेही लिहा, एवढंच म्हणणं.

चाटी_गल्ली

वस्तूंचा विषय निघालाय तर नाण्यांपासून सुरुवात करतो. देव्हाऱ्यात, जुन्या डब्यात हमखास सापडणारा भोकाचा पैसा हे थेट युद्धाचं अपत्य. १९४३ ते १९४७ या सालांचा. तांबं युद्धाला हवं म्हणून पैशाच्या मधोमध मोठं भोक पाडलं. आधीच्या पैशाचं वजन पावणेपाच ग्रॅमच्या पुढे, भोकाच्याचं दोन ग्रॅमच्या आसपास. भोक इतकं सोयीचं की लोक वॉशर म्हणून वापरायचे.

रुपयाचंही तसंच. १९४० च्या आधीचा चांदीचा रुपया ९१.७ टक्के चांदीचा. १९४० पासून निम्मीच चांदी, वजन तेच ११.६६ ग्रॅम. ओळखायचा कडेवरून: नव्याच्या दातेरी कडेच्या मधून एक खाच जाते, नकली पाडणं अवघड जावं म्हणून. सराफाकडे मोड घालताना लोक सगळे 'राणीछाप, राजाछाप' एकत्र तोलून देतात, तिथे फसगत होते.

पहिल्या युद्धात चांदीच आटली. ३० नोव्हेंबर १९१७ ला एक रुपयाची नोट आली, जानेवारी १९१८ मध्ये अडीच रुपयांची, आणि दोन, चार, आठ आणे चांदीऐवजी तांबं-निकेलचे झाले.

हुरडापार्टी

आणि 'जर्मनची भांडी'! ॲल्युमिनियमच्या भांड्यांना अजून जर्मन म्हणतात, तो शब्दही युद्धातलाच ना?

चाटी_गल्ली

नाही. तो जर्मन सिल्व्हरवरून आला असं मानणं जास्त सयुक्तिक. जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. चांदीचा कणही नाही. पुढे तशीच पांढरी दिसणारी ॲल्युमिनियमची भांडी आली आणि नाव त्यांना चिकटलं.

खरा युद्धाचा शब्द म्हणजे कंट्रोल. 'कंट्रोलचं दुकान', 'कंट्रोलचं कापड'. मुंबईत २ मे १९४३ ला रेशन सुरू झालं. त्याच जूनमध्ये कापड आणि सुतावर नियंत्रणाचा हुकूम आला. गिरणीला ठाणावर किमतीचा शिक्का मारणं भाग पडलं. गिरणगाव असलेल्या सोलापुरात हा शब्द घरोघरी पोचणारच. जुन्या पेटीत कोरं ठाण सापडलं तर शेवटची कड उलगडून बघा. शिक्का असेल तर तो भाग धुऊ नका, शाई जाते.

सांगोल्याची_सूर्यफुलं

मिलो ज्वारीही त्याच काळातली ना?

चाटी_गल्ली

ती नंतरची. ती अमेरिकेतून मदतीच्या धान्यात यायची, आणि त्या मदतीचा पीएल ४८० कायदाच मुळी १९५४ चा. आठवणीत दोन टंचाया एक होतात.

कुर्डुवाडी_जंक्शन

थोडं अवांतर, पण आपल्या जिल्ह्याचं. बार्शी लाइट रेल्वे उभारणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप. अडीच फुटी गेज, एका आसावर पाच टन भार, १८९७ मध्ये गाडी सुरू. याच माणसाने पुढे पॅराशूट बनवलं, नाव 'गार्डियन एंजल'. मित्र चार्ल्स रोल्स १९१० मध्ये विमान अपघातात गेले, तेव्हापासून ध्यास घेतला होता. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या मुलखात हेर उतरवायला ते वापरलं. पण इंग्रज वैमानिकांना मात्र युद्ध संपत येईपर्यंत पॅराशूट मिळालंच नाही. बार्शी लाइनचा विषय निघाला की लोक दूध आणि गर्दीच्या गोष्टी सांगतात, ही कुणी सांगत नाही.

मोडीवाचक

कुर्डुवाडी, झकास माहिती.

युद्धाचा सगळ्यात मोठा वारसा मात्र शिळेवर नाहीच. १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. जूनमध्ये मुंबई बंदरातून शिरली, सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट जीवघेणी. हिंदुस्थानात सव्वा कोट ते पावणेदोन कोट माणसं गेल्याचे अंदाज आहेत. युद्धकाळात मेलेल्या हिंदी शिपायांचा आकडा ७४ हजारांच्या घरात. गावाच्या आठवणीत 'जर्मनची लढाई' आणि मानमोडी एकाच श्वासात येतात ते उगाच नाही.

कागद बघायचा तर तहसीलच्या अभिलेख कक्षात जन्ममृत्यूची गाववार नोंद मागा, १९१८ सालची. सप्टेंबर ते नोव्हेंबरची पानं आधी. मृत्यूच्या कारणात 'मानमोडी' शोधाल तर फसाल. तिथे 'ताप' लिहिलेलं असतं. वर्षभराचे 'ताप' महिन्यावार मोजा, ऑक्टोबरचा ढीग आपोआप दिसतो. नोंदी मोडी लिपीत असतात. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, त्यामुळे नाव कुठे संपलं आणि गाव कुठे सुरू झालं तिथे चूक होते. आधी त्याच पानावरची ठरावीक शब्दांची वळणं ओळखा, मग नावांकडे वळा.

पदकपेटी

पदकांबद्दल लिहितो, कारण माढेकरांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कित्येकदा घरातल्या डब्यात असतं.

पहिल्या युद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल ३६ मिमी व्यासाचं, चांदीचं. फीत मधे नारिंगी, मग पांढरी, काळी, कडेला निळी. मजूर आणि हमालांच्या काही तुकड्यांना तेच ब्राँझमध्ये दिलं. पदकाच्या जाडीवर, म्हणजे कडेच्या गोलाईवर, शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ती ओळ म्हणजे खजिना. आणि नेमकी तीच चिंच-राखेने घासून घालवतात. घासू नका. मऊ सुती कापडाने पुसा, भिंगातून वाचा, कडा फिरवत आठ-दहा फोटो घ्या. ब्राँझवर हिरवा कळंक असेल तर लाकडी टोकाने सुटेल तेवढाच काढा. चामड्याच्या किंवा पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, कळंक तिथूनच चढतो. सुती कापड, सिलिका जेलची पुडी आणि हवाबंद डबा पुरे.

मृताच्या घरी एक मोठी ब्राँझची चकतीही यायची, १२ सेंमी व्यासाची. त्यावर ब्रिटानिया, सिंह आणि चौकटीत फक्त नाव. हुद्दा मुद्दाम घातला नाही, मेल्यावर सगळे सारखे म्हणून. ही चकती 'जुनं मोठं नाणं' समजून मोडीत जाते. जिल्ह्यात कुणाच्या हाती लागली तर भंगारवाल्याच्या आधी माढेकरांना फोटो पाठवा.

हुरडापार्टी

पदकपेटी, दुसऱ्या युद्धाची पदकं?

पदकपेटी

सहा टोकांचे तारे. बर्मा स्टार, आफ्रिका स्टार, इटली स्टार. कुणाकडे बर्मा स्टार असेल तर शोध ब्रह्मदेशाच्या दिशेने न्या. जो तिथे पडला आणि ज्याचं दहन किंवा दफन सापडलं नाही, त्याचं नाव टाउक्क्यानच्या रंगून स्मारकावर शोधा. इटलीत मराठ्यांच्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला: यशवंत घाडगे, जुलै १९४४, मरणोत्तर, आणि नामदेव जाधव, एप्रिल १९४५.

भीमातीर

आता नावं. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर मृतांची यादी आहे. शोधताना हे लक्षात ठेवा.

गावाचं नाव थेट टाकू नका. 'अधिक माहिती'च्या रकान्यात जिल्हा टाका, तोही जुन्या इंग्रजी स्पेलिंगने: एस-एच-ओ-एल-ए-पी-यू-आर. सेवेचा देश भारत, युद्ध पहिलं किंवा दुसरं. निकाल तक्त्याच्या रूपात उतरवून घ्या आणि मग तालुक्याने चाळा. बार्शी तिथे 'बार्सी' दिसेल, माळशिरस 'मालसिरस'. अक्कलकोट तेव्हा संस्थान होतं आणि मंगळवेढा सांगली संस्थानात, त्यामुळे ही गावं सोलापूरखाली न मिळता संस्थानाच्या नावाखाली बघावी लागतात. इथे बहुतेकांचा शोध संपतो आणि 'आमच्या गावचं कुणी नाही' असा गैरसमज होतो.

आडनावाच्या रकान्यात बहुधा आडनाव नसतं, एकटं नाव असतं. सिद्रामचं स्पेलिंग तीन प्रकारांनी करून बघा. वडिलांचं किंवा बायकोचं नाव जुळलं तरच पक्कं धरा. फक्त मराठा पलटणी बघू नका: १११ वी महार पलटण, पायोनियर पलटणी, मुंबई सॅपर्स, खेचरांच्या तुकड्या, लेबर कोअर, डोली वाहणारे, सगळं चाळा.

तारखांची मर्यादाही आहे. पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. म्हणून १९२० मध्ये गेलेला शिपाईही यादीत येतो. शिळेवर ४ आणि यादीत ५ निघाले तर गोंधळू नका.

सांगोल्याची_सूर्यफुलं

जे गेले आणि परत आले, त्यांची नावं?

भीमातीर

ती या यादीत नाहीत. त्यासाठी पदकाची कड, पेन्शनचं पुस्तक, आणि जात्यावरच्या ओव्या. ज्या आजींना 'बसरा', 'जर्मन' असलेल्या ओव्या येतात त्यांचा आवाज आजच रेकॉर्ड करून ठेवा, शब्द न सुधारता.

माढेकर

सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं एकत्र करून ग्रामसभेपुढे ठेवायच्या ठरावाचा मसुदा असा केलाय: शिळेचं माप, मजकूर, चार बाजूंच्या उजेडातले फोटो, काढल्यावर ठेवायची जागा आणि जबाबदार पदाधिकारी, नव्या इमारतीच्या अंदाजपत्रकात पुन्हा बसवण्याची स्वतंत्र बाब, आणि खाली नावांची दुसरी पाटी. काही राहिलं का?

पाथरवट

दोन गोष्टी घाला. बसवताना सिमेंट आणि टाइलचा चिकट मसाला नको. सिमेंटमधले क्षार दगडात उतरतात आणि पुढे कधी काढायची वेळ आली तर शिळा तुकड्यांतच निघेल. स्टेनलेस स्टीलच्या चार पट्ट्यांवर टेकवा, मागे बोटभर हवा राहू द्या. पावसाची झड लागणार नाही अशी आतली भिंत, डोळ्याच्या उंचीवर.

मोडीवाचक

आणि नावांची पाटी मूळ शिळेवर नाही, खाली वेगळी. नाव, वडिलांचं नाव, पलटण, मृत्यूची तारीख, आणि स्मारक कुठे आहे ते. नावं घरच्या उच्चाराने देवनागरीत लिहा, कारकुनाने इंग्रजीत केलेल्या स्पेलिंगवरून नको. कोरायच्या आधी महिनाभर कागदावर लिहून चावडीत लावा, वाड्यावस्त्यांवरची माणसं येऊन चुका सांगतील. आणि पाटीचा खालचा तिसरा हिस्सा कोरा ठेवा. नावं अजून निघतील.